माझ्या चालीचा कुत्रा

साठ वर्षांत कुत्रा पाळावा असं मला एकदाही वाटलं नव्हतं. साठाव्या वर्षी मी कुत्रा शोधायला निघाले, त्याचं कारण एवढंच की सोबतीशिवाय तुला उंबरा ओलांडू देणार नाही, असं माझ्या भाच्यानं निक्षून सांगितलं. आणि उंबरा ओलांडल्याशिवाय मी जगायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

याला मागचा इतिहास आहे. बाराव्या वर्षी माझं कपाळ पांढरं झालं. नवऱ्याचा चेहरा विचाराल तर आजही सांगता येणार नाही. त्यानंतर सात वर्षं मागचं अंगण, विहीर, गोठा आणि माजघर एवढंच माझं जग. पुढच्या दाराकडे नुसतं बघितलं तरी आजी खाकरायची. एकोणिसाव्या वर्षी माझ्या थोरल्या भावानं, दादानं, सगळ्या भाऊबंदांचा रोष पत्करून मला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलं. निघायच्या दिवशी त्यानं माझ्यापुढं कोऱ्या वहाणांचा जोड ठेवला आणि पुढचं दार उघडून बाजूला उभा राहिला. सात वर्षांत पायांना वहाण माहीत नव्हती, टांग्यापर्यंत जाईतो पाय सोलून निघाले. तेव्हापासून मी चालते आहे.

पुढं सोलापुरात परतले, मुलींच्या शाळेत नोकरी लागली, राहायला तेच घर. प्लेगानं दादा आणि वहिनी आठवड्याच्या अंतरानं गेले आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा माझ्या पदरात पडला. तोच हा भाचा. त्याला वाढवलं, शिकवलं, गिरणीच्या कचेरीत कारकून झाला, त्याचं लग्न मीच लावून दिलं. सकाळी मी शाळेला निघाले की तो विचारायचा, "आत्या, कधी येशील?" मी म्हणायची, "शाळेची घंटा झाली की येते." आणि यायची. उगीच फुशारकी मारत नाही, एक दिवस चुकले नाही.

पेन्शन झाली तशी शाळेची वाट संपली, पण पाय कुठले ऐकायला. भवानी पेठेतल्या आमच्या घरातून पहाटेच्या भोंग्याला निघायचं, मागांची खटखट मागं टाकत नाक्यावर यायचं, तिथून तुळजापूर रस्त्यानं अडीच मैलांवर एक पडकी विहीर आणि लिंबाचं झाड आहे तिथवर जायचं, दहा मिनिटं बसायचं आणि परत. मार्शल लॉ लागला तेव्हा चार दिवस घरात बसले, ते सोडता खाडा नाही. वाटेतल्या विणकर बायका मला बघून घड्याळ लावतात असं कुणी तरी म्हणालं होतं. त्यांच्याकडं घड्याळं नव्हती ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी दिवाळीच्या अलीकडं, लिंबापाशी मला घेरी आली. आदल्या दिवशी एकादशी होती, पोटात काही नव्हतं, दुसरं काय. एका गाडीवानानं मला कडब्यावर बसवून घरी आणलं. भाचा कचेरीतून सायकल दामटत आला. चेहरा पांढरा पडलेला. पाणी प्यायला, आणि म्हणाला, "आत्या, बास झालं. आता एकटीनं जायचं नाही."

मी म्हटलं, "मग येतोस का सोबत?"

त्याला आठाला गिरणीत हजर व्हावं लागे. भाचेसुनेला चूल, धुणं, पाणी. बाई लावू म्हणाला, पण मला वाटेत कुणाच्या सासूची गाऱ्हाणी ऐकायची नव्हती. तेव्हा मीच म्हणाले, "कुत्रा चालेल? पडले-बिडले तर भुंकेल तरी."

तो मग म्हणाला, "चालेल. पण कुत्रा नीट बघून घ्यायचा." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. भाचेसून मात्र म्हणाली, कुत्रं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही आणि त्याची भाकरी माझ्या चुलीवर होणार नाही. तिचं सोवळं फार. मी म्हटलं, नको होऊ दे.

मग सुरू झाली आमची कुत्र्यांची परीक्षा. मी मास्तरीण. कुत्र्याला काय काय यायला हवं ते मनाशी ठरवून ठेवलं होतं. त्यानं माझ्या चालीनं चालावं, ओढू नये, रेंगाळू नये. भाकरी खावी. गिरणीच्या भोंग्याला बिचकू नये. आणि रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर जाऊ नये. एवढंच. साठीच्या बाईला चालायला सोबत हवी असेल तर याहून वेगळं काय लागतं? सुंदर कुत्रा हवा असं मी म्हटलंच नव्हतं.

पहिला कुत्रा गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावरचा. विलायती, टेरिअर म्हणत त्याला, पांढरा, बुटका, चेहऱ्यावर एक काळा डाग. साहेब मायदेशी जायचे होते आणि कुत्रा मागं राहणार होता. भाचा मला टांग्यानं घेऊन गेला. खानसामा म्हणाला, "बाई, बहोत हुशार है. लेकिन इसकू रोज अंडा होना." अंडं म्हटल्यावर भाचेसुनेचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला. तरी बंगल्याभोवती एक फेरी मारून बघितली. एका फेरीत त्यानं तीन ठिकाणी माती उकरली आणि माळ्याच्या धोतराला लोंबकळला. नापास.

दुसरा कारवानी. शिकारीचे शौकीन असलेले एक इनामदार होते, त्यांच्याकडं ते उंच, वाळके, वेतासारखे कुत्रे असत. कुत्रा दिसायला देखणा, अदबीचा. साखळी माझ्या हातात दिली. पन्नास पावलं असा चालला की मी म्हटलं, मिळाला. तेवढ्यात बांधावरनं काहीतरी पळालं, आणि साखळीबरोबर माझा खांदाही जातो की काय असं झालं. भाच्यानं मला सावरलं. इनामदार म्हणाले, बाई, हा ससा बघितल्यावर बापाचं ऐकत नाही. घरी येऊन भाच्यानं माझ्या खांद्याला स्वतः तेल चोळलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

तिसरा आमच्याच आळीतला गावठी. खाल्ल्या मिठाला जागणारा, माझ्या पायात घुटमळणारा. पण त्याची हद्द आळीच्या टोकापर्यंत. पुढं दुसऱ्या आळीचं राज्य सुरू झालं की शेपूट पायात घालायचा किंवा दहा जणांशी भांडण उकरून काढायचा. भांडणं सोडवायची नोकरी मी तीस वर्षं केली होती, पुन्हा नको होती.

असे पंधरा-वीस दिवस गेले. प्रत्येक वेळी भाचा सोबत. रविवारची सुट्टी माझ्यासाठी घालवत होता. मला आतून भरून यायचं. मी भाचेसुनेला म्हटलंसुद्धा, "पोटचा असता तर एवढं केलं नसतं." ती तांदूळ निवडत राहिली.

शेवटी तोच म्हणाला, "आत्या, धनगरी कुत्रा आणू. दिवसाला दहा-दहा मैल चालणारी जात. भाकरीवर राहतात. बाजरी निघालेल्या रानात धनगर उतरलेत, मी जाऊन बघून आणतो."

मला ते एकदम पटलं. मेंढ्यांच्या चालीनं चालणारा म्हणजे माझ्याच चालीचा. मी म्हटलं, मीही येते. तर म्हणाला, "एवढ्या उन्हात कशाला? तुला काय हवंय ते मला पाठ आहे." आणि खरंच एका दमात सगळं म्हणून दाखवलं, ओढू नये, रेंगाळू नये, भाकरी खावी, भोंगा, रस्ता. मी शाबासकी दिली. विद्यार्थ्याला देतात तशी.

मार्गशीर्षात कुत्रा आला. काळा, भरदार मानेचा, दोन्ही डोळ्यांवर एकेक पिवळा ठिपका. वय दोनेक वर्षांचं. अंगाला मेंढरांचा वास. भोंगा झाला तर त्यानं नुसता कान हलवला. अंगणात मी तीन दगडांची चूल मांडली, माळ्यावरचा जुना लोखंडी तवा काढला आणि त्याच्यापुरत्या दोन भाकऱ्या रोज तिथं थापू लागले. पहिल्या दिवशी तो लांब बसून बघत होता. तिसऱ्या दिवशी चुलीला टेकून बसला. नाव मी ठेवलं नाही, 'अरे' म्हटलं की यायचा.

पहिला आठवडा माझ्या आयुष्यातला सुखाचा. पहाटे निघायचं, तो डाव्या अंगाला, एक पाऊल मागं. नाका ओलांडला, ओढा ओलांडला, लिंबापर्यंत गेलो. बसलो, परत आलो. विणकर बायका माग थांबवून बघायच्या. "अम्मा, कुक्का बागुंदी," एक म्हणाली, म्हणजे कुत्रा छान आहे. मी दिवसभर तेच घोळवत बसले.

दुसऱ्या आठवड्यात तो ओढ्यापाशी थांबला. मी पुढं गेले तर मागून येऊन त्यानं माझा पदर तोंडात धरला. चावा नाही, ओरखडा नाही, नुसता धरला आणि घराकडं मान वळवली. मी म्हटलं, पोटात दुखत असेल याच्या. परत फिरले. दोन दिवसांनी तेच नाक्यावर. मग मागांच्या बोळाच्या तोंडाशी. रागावून बघितलं, चुचकारून बघितलं, भाकरीचा तुकडा दाखवून बघितलं. तुकडा खायचा आणि पुन्हा पदर धरायचा. कधी गुरगुरला नाही, म्हणूनच माझा नाइलाज व्हायचा. गुरगुरला असता तर मी काठी काढली असती.

आळीत बोलबाला झाला. शेजारीण म्हणाली, मागच्या जन्मीचं देणं-घेणं असणार, तुम्हाला घेरी आली होती ते त्याला कळतंय. भाचा म्हणाला, "बघ आत्या, मुक्या जनावराला तुझी काळजी आहे. त्याचं तरी ऐक."

आणि मी ऐकलं. आता लिहिताना माझाच मला राग येतो. आजीचं ऐकलं नाही, भाऊबंदांचं ऐकलं नाही, शाळेच्या कमिटीला दोनदा सुनावलं, अशी मी एका कुत्र्यापुढं विरघळले. त्याचं कारण लपवत नाही. मला वाटलं, त्याचा माझ्यावर जीव आहे. इतक्या वर्षांत माझा पदर धरून, जाऊ नको, असं म्हणणारं कोण होतं? मी सगळ्यांना सोडून निघणारी बाई. कुणी तरी मला अडवतंय हे मला गोड वाटलं. म्हातारपणी माणूस असं बावळट होतं.

पौष संपेतो माझं चालणं मारुतीच्या देवळापर्यंत आलं. माघात अंगणाच्या फाटकापर्यंत. पुढं पुढं तर मी वहाणा पायात घातल्या की तो उठून फाटकात आडवा बसायचा. मी वहाणा काढायची. मग चुलीपाशी बसायचं, त्याच्या मानेवर हात ठेवायचा, तिथंच गिरणीचा भोंगा ऐकायचा. पाय दुखायला लागले. न चालून दुखायला लागले. माळ्याच्या चार पायऱ्या चढले तर धाप लागली. एका सकाळी विहिरीपाशी उभी राहून मी इकडं तिकडं बघितलं. विहीर, गोठा, मागचं दार. बाराव्या वर्षी होतं तेच. पण मनाला समजावलं, तेव्हा कोंडलं होतं, आता मायेनं बसले आहे.

फाल्गुनात शाळू निघाला आणि धनगर परतीच्या वाटेला लागले. एका दुपारी एक धनगरीण घोंगड्या घेऊन आळीत आली. कुत्र्यानं तिला बघितलं आणि असा धावला, की माझ्याकडं तो कधी तसा धावला नव्हता. तिचे पाय चाटतोय, कुईकुई करतोय. ती त्याच्या कानाला धरून म्हणाली, "व्हय रं, बराय न्हवं?" मग चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "रुळलाय की हितं."

मी तिला पाणी दिलं, बसवलं. जराशा अभिमानानं, जराशा तक्रारीनं सगळं सांगितलं. कसा पदर धरतो, कसा माझा जीव राखतो. ती ऐकता ऐकता हसायला लागली.

"आवो बाई, त्यो बिऱ्हाडाचा कुत्रा हाय."

"म्हणजे?"

"आमच्यात कुत्री दोन परकारची. येक मेंढरांसंगं जातंय, दिसभर चालतंय. आन् येक बिऱ्हाडापाशी ऱ्हातंय. बापई मेंढरं घिऊन जात्यात, आमी बाया चूल मांडून बसतो, पोरं रांगत्यात. पोर लांब गेलं की ह्यो अंगड्याला धरतो आन् चुलीपाशी आनून सोडतो. ल्हानपनापास्नं त्येला येवडंच शिकिवल्यालं. जरा रुळंपतुर लांब येतोय, येकदा का तुमच्या चुलीची भाकर अंगी लागली की मग हद्द सोडू द्येत न्हाय."

माझ्या हातात तांब्या होता, तो मी खाली ठेवला. म्हणजे जीव-बीव काही नव्हतं. मी त्याला रांगतं पोर होते. ते एक वेळ सोसलं असतं. मी म्हटलं, "मग आम्हाला हा का दिलात? आम्हाला चालणारा हवा होता. माझ्या भाच्यानं सांगितलं नाही तुम्हाला?"

बोलू की नको असं तिचं झालं. मग म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यानं दोनी दावली की. चालनारा आदी दावला, लई गुनाचा. तर तुमचा भाचा म्हनला, ह्यो नगं. म्हनला, आमच्या आत्याचा पाय घरात ठरत न्हाय, तिला आंगनात ठिवील आसा द्या. म्हाताऱ्यानं आसंबी सांगितलं, आवो, ह्यो मानसाला चालू द्येनार न्हाय. तर म्हनला, मला तसलाच पायजे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोंब कुठं मारायची? मी तिला विचारलं, "घरी परत जाताना हा काय करतो? तेव्हा तुम्हाला अडवत नाही?"

"न्हाय वो. चुलीचं दगड पालथं केलं, तवा घोड्यावर बांदला, की त्यो उटतोच. तवा जाईल तितं त्यो. तितं त्येचं बिऱ्हाड." ती घोंगड्या उचलून गेली. कुत्रा फाटकापर्यंत तिला पोचवून आला आणि माझ्या चुलीपाशी बसला.

मी भाच्याची वाट बघत अंगणातच बसले. त्या दोन तासांत मी त्याची पंधरा-वीस दिवसांची सगळी मेहनत पुन्हा आठवली. टांगा, इनामदाराचं रान, खांद्याला चोळलेलं तेल. मी काय काय हवं ते त्याला पढवून पाठवलं होतं, आणि त्यानं एकेक लक्षात ठेवून नेमकं उलटं मागितलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तोंडावर नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी वहाणा घालून निघाले असते. त्याला ते माहीत होतं.

सायकल आली. मी सरळ विचारलं, "धनगराला तू काय सांगितलंस?"

त्यानं सायकल भिंतीला टेकवली. खोटं बोलला नाही, तेवढं त्याचं श्रेय. "धनगरीण येऊन गेली वाटतं," म्हणाला.

"मला तोंडावर सांगायचं होतंस."

"तोंडावर सांगून तू आजवर कुणाचं ऐकलंस, आत्या? कडब्याच्या गाडीतनं तुला आणलं तेव्हा मी काय बघितलं ते तुला काय माहीत. मला वाटलं, गेलीस. आई-बाप आठवत नाहीत मला. तू गेलीस तर..." मग म्हणाला, "आणि कुत्र्यानं थांबवलेलं तुला चाललं की. मी थांबवलेलं चाललं नसतं."

"सात वर्षं मी या अंगणात काढलीत. तुझ्या बापानं मला इथून बाहेर काढलं. तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे." आणि मग त्यानं ओसरीच्या खांबाकडं बोट दाखवलं. "मला तू त्याला बांधून जायचीस."

मी हे वर लिहिलं नाही. लिहायचं टाळलं. चार वर्षांचा असताना मी त्याला माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं त्या खांबाला बांधून शाळेला जात असे. उघडी विहीर, घरात कुणी नाही, शेजारीण दुपारी येऊन त्याला भरवून जायची. दोन वर्षं असं केलं. तो विसरला असेल, असं मी धरून चालले होते.

मी म्हटलं, "तू चार वर्षांचा होतास. विहीर होती."

"तू साठ वर्षांची आहेस. रस्ता आहे."

"मी रोज संध्याकाळी येऊन तुला सोडत होते."

"मी पण रोज संध्याकाळी घरी येतोच की," तो म्हणाला. यात त्याला काही वावगं वाटलं नाही. हात-पाय धुवायला निघून गेला. जेवताना भाचेसुनेनं मला वाढलं, मी ताटावरून उठले. तिलाही सगळं ठाऊक होतं, तांदूळ निवडत होती तेव्हापासून. मी त्याला वाईट म्हणू शकत नव्हते, ही माझी अडचण. वाईट माणसानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळं होतं. यानं मला, माझ्याच पद्धतीनं, माझ्याच लुगड्याच्या पट्ट्यानं बांधलं होतं. पण मी पट्टा त्याच्या डोळ्यांदेखत बांधत होते. तो सोबतीचा कुत्रा म्हणून आणून दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भोंग्याला मी उठले. चुलीचे तीन दगड पालथे केले. तवा थंड होता, त्याला सुतळी ओवली आणि खांद्याला अडकवला. फडक्यात आदल्या दिवशीची भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून घेतली. वहाणा घातल्या. कुत्रा सवयीनं फाटकात जाऊन आडवा बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, पालथ्या दगडांकडं बघितलं, तव्याकडं बघितलं. मग उठला, अंग झटकलं आणि बाजूला झाला.

भाचा ओसरीत दात घासत उभा होता. त्यानं हे सगळं बघितलं होतं. "आत्या, हे काय आरंभलंयस? तवा घेऊन कुठं? लोक म्हणतील वेगळी चूल मांडली."

"म्हणू देत," मी म्हटलं.

तो दोन पायऱ्या उतरून आला. पदर धरील असं मला वाटलं. धरला नाही. एवढा तिशी ओलांडलेला बाप्या, तोंडात राखुंडी, आणि आवाज एकदम चार वर्षांच्या पोरासारखा झाला. "कधी येशील?"

या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर दिलं होतं. त्या दिवशी माझ्या तोंडातून ते येईना. मी फाटक उघडलं आणि चालायला लागले. कुत्रा माझ्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागं. मागांचा बोळ गेला, नाका गेला, ओढा गेला. पाय भरून आले, दोनदा बसावं लागलं, पण लिंबापर्यंत गेले. तिथं तवा उतरवून ठेवला तसा तो तव्याशी बसला आणि मी जरा विहिरीकडं वळले तर येऊन पदर धरला. मी परत येऊन बसले. तवा खांद्याला लावला की सोडायचा.

ऊन चढल्यावर मी घरी आले. दुसरीकडं जाणार कुठं? भाचा गिरणीत गेला नव्हता. ओसरीच्या त्या खांबाला पाठ लावून बसला होता. मला बघून उठला, काही तरी बोलणार होता. मी त्याच्याजवळून पुढं गेले, अंगणात तीन दगड सरळ केले आणि चूल पेटवली. त्या दिवसापासून माझी भाकरीही तिथंच झाली. पुढं बारा वर्षं मी त्या घरात राहिले, त्या कुत्र्यानंतर आणखी एक कुत्रा झाला, आणि रोज सकाळी तवा खांद्याला लावून मी बाहेर पडत होते. रोज भाचा ओसरीतून विचारायचा, "आत्या, कधी येशील?" मी रोज येत होते. पण त्याला सांगून गेले नाही.